सेंटरच्या बचावात उंची, वजन आणि ताकद नेमकी कुठे उपयोगी पडते?

मैदानाकाठी

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावी शाळकरी मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकवते. आमची सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी उंच खेळाडू, सोळा वर्षांची आहे. उंची ५ फूट १० इंच, हात लांब, उडीची वेळ अचूक. परंतु अंगाने अगदी सडपातळ. गेल्या महिन्यातील एका सामन्यात समोरची सेंटर तिच्यापेक्षा तीन-चार इंचांनी बुटकी, पण खांद्यांनी आणि मांड्यांनी भक्कम होती. ती रिंगकडे पाठ करून चेंडू घ्यायची, दोन ड्रिबलमध्ये आमच्या मुलीला रेटत थेट बोर्डाखाली न्यायची आणि वळून बास्केट करायची. आमच्या मुलीने दोन सुरेख ब्लॉक केले, म्हणजे शॉट हवेतच हाताने अडवले, हे खरे. पण मध्यंतरापर्यंत तिच्या नावावर चार फाउल लागले आणि उरलेला बराचसा सामना मला तिला बाकावर बसवून काढावा लागला. नंतर तिच्या वडिलांनी विचारले, "मॅडम, हिचे वजन वाढवायला हवे का?" मी विचार करून सांगते म्हणाले, आणि तेव्हापासून विचारच करते आहे.

गोंधळ वाढण्याचे दुसरे कारण असे, की एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगच्या २०२५ च्या प्लेऑफमधील (बाद फेरीतील) ओक्लाहोमा सिटी विरुद्ध डेन्व्हर या मालिकेचा सातवा सामना मी पुन्हा पाहिला. डेन्व्हरचा निकोला योकिच ६ फूट ११ इंच उंच आणि सुमारे १२९ किलो वजनाचा. ओक्लाहोमाकडे चेट होल्मग्रेन आणि आयझाया हार्टेनस्टाइन असे सात फूट उंचीचे दोन खेळाडू असतानाही त्यांनी योकिचवर बराच वेळ अ‍ॅलेक्स करुसोला ठेवले. करुसो ६ फूट ५ इंच उंच, वजनाने ८४ किलोंच्या आसपास आणि मुळात गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा. तरीही योकिचला त्या सामन्यात अवघे ९ शॉट घेता आले, त्याचे २० गुण झाले आणि ओक्लाहोमाने सामना १२५–९३ असा जिंकला. पंचेचाळीस किलोंचा फरक असताना हे साधत असेल, तर आमच्या मुलीला आठ-दहा किलोंच्या फरकाने का साधू नये? वजन खरोखर महत्त्वाचे आहे, की आपण उगीच त्याच्यामागे लागतो? ज्यांनी ही जागा स्वतः खेळली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना पाच नंबर

ताई, दोन वेगळ्या लढाया आपल्या प्रश्नात एकाच नावाखाली आल्या आहेत. रिंगजवळचा शॉट अडवणे ही एक, आणि आपल्या जागेवरून न हलणे ही दुसरी. पहिलीला उंची, हातांची लांबी आणि वेळेची जाण लागते. दुसरीला मांड्या, कंबर आणि वजन. आपली मुलगी पहिल्या कामात चांगली आहे आणि दुसऱ्यात कमी पडते. मी विद्यापीठापासून पुढे बारा वर्षे पाच नंबरवर, म्हणजे सेंटरच्याच जागी, खेळलो, तेही ६ फूट २ इंच उंचीने, म्हणजे बहुतेक वेळा समोरच्यापेक्षा बुटका. त्यामुळे दुसऱ्या लढाईविषयीच आधी लिहितो.

कोणी आपल्याला रेटत असताना आपण जागेवर टिकतो ते बूट आणि जमीन यांच्यातील घर्षणामुळे. हे घर्षण जमिनीवर पडणाऱ्या भाराच्या प्रमाणात असते; म्हणून सारखेच बूट घातलेल्या दोघांपैकी जड खेळाडूला हलवायला अधिक जोर लागतो, याबद्दल वाद नाही. पण काट्यावरचे वजन आणि खेळताना जमिनीवर पडणारा भार या दोन गोष्टी सारख्या राहत नाहीत. मी समोरच्याच्या कमरेखाली उतरून त्याचा रेटा किंचित वरच्या दिशेने झेलला, तर त्याच्या पायांवरचा भार थोडा कमी होतो आणि तेवढाच माझ्या पायांवर वाढतो. त्याची पकड सैल होते, माझी घट्ट होते. तालमीत वस्ताद नव्या पोराला "खाली बस, खाली बस" म्हणून ओरडत असतात, त्यामागे हेच असते. उलट, गुडघे सरळ ठेवून छातीने अडवणारा उंच खेळाडू धक्का बसताच टाचांवर जातो, आणि टाचांवर गेलेला माणूस कितीही किलोंचा असला तरी मागे पाऊल टाकतोच. आपल्या मुलीचे नेमके हेच होत असावे. तिची उंची तिथे तिच्या विरोधात जाते, कारण तिला समोरचीपेक्षा खाली बसण्यासाठी गुडघे कितीतरी अधिक वाकवावे लागतात, आणि तेवढे वाकून टिकण्याइतकी ताकद मांड्यांत नसेल तर ती चार सेकंदांत पुन्हा ताठ होते.

आता वजनाचे खरे मोल कशात आहे, ते सांगतो. २००१ च्या एनबीए अंतिम मालिकेत फिलाडेल्फियाकडे डिकेम्बे मुटोम्बो होता. ७ फूट २ इंच उंची, सुमारे ११८ किलो वजन, आणि त्याच हंगामात चौथ्यांदा सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळालेला. समोर लेकर्सचा शकील ओनील, ७ फूट १ इंच आणि नोंदीत १४७ किलो. उंचीत मुटोम्बो कमी नव्हता, हात लांब होते, ब्लॉकची कला तर अप्रतिम. तरी ओनीलने त्या मालिकेत सरासरी ३३ गुण काढले, कारण खांदा छातीत घालून तो मुटोम्बोला अशा ठिकाणी नेऊन ठेवायचा, की तिथून हात कितीही लांब असून उपयोग नसे. लेकर्स ४–१ ने जिंकले.

तीन वर्षांनी, २००४ मध्ये, लेकर्ससमोर डेट्रॉइट होते आणि त्यांचा सेंटर बेन वॉलेस, ६ फूट ९ इंच, १०९ किलो. सेंटर म्हणून बुटकाच. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला कोणी निवडलेही नव्हते, पण पुढे २००२, २००३, २००५ आणि २००६ असा चार वेळा तो सर्वोत्तम बचावपटू ठरला. वॉलेसने ओनीलला थांबवले, असे आपण सगळे सांगत आलो आहोत. ते खरे नाही. ओनीलने त्या मालिकेत सरासरी २६.६ गुण काढले आणि त्याचे ६३ टक्के शॉट पडले. तरीही डेट्रॉइटने मालिका ४–१ अशी जिंकली, आणि याचे कारण माझ्या मते बचावातील ताकदीचा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. वॉलेस, राशीद वॉलेस आणि बाकावरून येणारा एल्डन कॅम्पबेल हे तिघे ओनीलला बऱ्याच वेळा एकट्याने पेलत होते. दुसरा माणूस मदतीला धावत नव्हता, त्यामुळे बाहेरचे चौघे आपापल्या माणसाला चिकटून राहिले आणि लेकर्सच्या कोबी ब्रायंटचे केवळ ३८ टक्के शॉट पडले. सेंटरची ताकद त्याच्या माणसाने किती गुण केले यावर मोजू नये. त्याच्यासाठी बाकीच्या चौघांना किती मदत द्यावी लागली, यावर ती मोजावी.

करुसोचे कोडेही याच मापाने सुटते. तो योकिचला मागून रेटत नव्हता. तो योकिचच्या पुढे, चेंडू आणि योकिच यांच्या मध्ये उभा राहत होता. पुढे उभ्या असलेल्या माणसाला रेटून उपयोग नसतो. त्याच्या डोक्यावरून पास टाकावा लागतो, आणि तो पास जिथे पडणार तिथे होल्मग्रेन किंवा हार्टेनस्टाइन दबा धरून असायचे. म्हणजे ओक्लाहोमाने वजनाची उणीव मदतीने भरून काढली, आणि मागे सात फुटी माणसे असल्यामुळे ती मदत त्यांना परवडली. आपल्या संघात मागून कोण येणार, हा प्रश्न वजनाच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे.

ताई, आपण एवढे आठवून सांगाल का: समोरच्या मुलीच्या हातात चेंडू यायचा तेव्हा तिचे पाय कुठे असायचे?

शिट्टी

मी जिल्हा आणि राज्य पातळीवर पंच म्हणून काम करतो. चार फाउलबद्दल वाचले म्हणून लिहितो आहे, कारण सडपातळ सेंटरना फाउल कसे लागतात हे आम्हाला फार जवळून दिसते.

आपल्याकडील स्पर्धा फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी होतात. त्यात प्रत्येक खेळाडूभोवती एक काल्पनिक दंडगोल मानला जातो. पुढून तळहातांपर्यंत, मागून नितंबांपर्यंत, बाजूने हातापायांच्या बाहेरच्या कडांपर्यंत. या दंडगोलात बचावपटूने दोन्ही हात वर करून सरळ उडी मारली आणि आक्रमक येऊन आदळली, तर बचावपटूचा फाउल होत नाही. मात्र रेटली गेलेली मुलगी क्वचितच सरळ उडी मारते. ती तोल सावरत मागे जात असते, शॉट सुटताना तिला उशीर झाल्याचे जाणवते आणि ती हात पुढे, खाली आणते. मनगटावर फटका बसतो आणि शिट्टी वाजते. तिच्या ताकदीची उणीव आमच्या नोंदवहीत फाउल म्हणून उतरते. फिबात पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो, एनबीएप्रमाणे सहाव्याला नाही, त्यामुळे किंमतही लवकर मोजावी लागते.

दुसरी चूक हातांची. पाठ करून उभ्या असलेल्या मुलीला थोपवताना आपल्या मुली कोपर सरळ करून तळहाताने ढकलतात किंवा कमरेला हात घालून धरतात. दोन्ही फाउल. दुमडलेला हात स्वतःच्या अंगाशी ठेवून, पाय आणि मांड्यांनी जागा राखली, तर समोरची मागे सरकत येऊन आदळते आणि ती जबाबदारी तिची होते. खांदा खाली घालून तिने छातीत मुसंडी मारली आणि आमची मुलगी आधीपासून दोन्ही पाय रोवून तिथे असेल, तर फाउल आक्रमकाचा. पण एक सांगतो: जी मुलगी धक्का बसण्याआधीच मागे सरकू लागते, तिच्या बाजूने तो निर्णय देणे पंचाला अवघड जाते, कारण ती जागेवर होती असे आम्हाला दिसतच नाही.

नियमांतील आणखी एक फरक आपल्या उपयोगाचा आहे. एनबीएत बचाव करणाऱ्या खेळाडूला जवळ कोणी आक्रमक नसताना तीन सेकंदांहून अधिक काळ पेंटमध्ये, म्हणजे रिंगखालच्या आखलेल्या चौकोनात, उभे राहता येत नाही. हा नियम २००१–०२ च्या हंगामात, झोन बचावाला (माणसाऐवजी जागा राखण्याला) मोकळीक दिली तेव्हाच आला. फिबात असे बंधन नाही. शिवाय फिबात शॉट रिंगला लागून वर उसळला, की बचावपटू तो रिंगवरूनही झटकू शकतो, एनबीएत नाही. म्हणजे लांब हातांच्या मुलीला आपल्या नियमांनी अधिकच वाव दिला आहे.

मैदानाकाठी

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. पाच नंबर दादांच्या प्रश्नामुळे मी सामन्याचे मोबाइलवर घेतलेले चित्रण पुन्हा पाहिले. चेंडू हातात यायचा तेव्हा समोरच्या मुलीचा एक पाय जवळजवळ दर वेळी पेंटच्या रेषेच्या आत होता. आणि त्याआधीचे चार-पाच सेकंद आमची मुलगी तिच्या मागे सरळ उभी राहून चेंडूकडे पाहत होती. मी बाकावरून "हात वर, हात वर" ओरडत होते, हेही त्यात ऐकू येते. चेंडू मिळाल्यानंतरचे रेटणे मला दिसत होते; त्याआधी जागा आपण फुकट देऊन टाकली, हे दिसलेच नव्हते.

पहाटेचा प्रेक्षक

मी खेळाडू नाही, पण वीस वर्षे पहाटे उठून एनबीए पाहत आलो आहे, आणि पाच नंबर यांच्या लिखाणाशी मोठ्या प्रमाणात सहमत असूनही एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. पाठ लावून रेटण्याचा खेळ आता फार कमी झाला आहे. आजच्या सेंटरची बहुतेक मेहनत दुसऱ्याच्या माणसाला अडवण्यात जाते: बाहेरून स्क्रीन घेऊन, म्हणजे सहकाऱ्याच्या अंगाच्या आडोशाने, गार्ड आत शिरतो आणि सेंटरला मागे सरकत एकाच वेळी चेंडू आणि आपला धावता माणूस असे दोघांना सांभाळावे लागते. तिथे जागा राखणारे वजन फारसे कामी येत नाही. तिथे हातांची लांबी आणि पायांची चपळाई बोलते.

शॉट अडवण्यापुरते पाहिले तर वजनाचा संबंध किती कमी आहे, हे दोन हंगामांवरून दिसते. १९८४–८५ मध्ये यूटाच्या मार्क ईटनने ४५६ ब्लॉक केले. तो ७ फूट ४ इंच उंच आणि १२५ किलोंच्या वरचा. पुढच्याच हंगामात मनूट बोलने पदार्पणातच ३९७ ब्लॉक केले; तो ७ फूट ७ इंच उंच, आणि वजन जेमतेम ९१ किलो. एक पिंपळासारखा, दुसरा बांबूसारखा, आणि काम जवळपास तेच. रूडी गोबेअरचे घ्या. २०१३ मध्ये ड्राफ्टपूर्वी मोजले तेव्हा जमिनीवर उभे राहून त्याचा हात ९ फूट ७ इंचांपर्यंत पोचत होता. रिंग १० फुटांवर असते. अशा माणसासमोर लेअप, म्हणजे रिंगजवळ धावत जाऊन शॉट, टाकायला जाणारा गार्ड बऱ्याचदा टाकतच नाही, चेंडू घेऊन परत बाहेर येतो, आणि ते कुठल्याही आकडेवारीच्या रकान्यात दिसत नाही. गोबेअरलाही सर्वोत्तम बचावपटूचा मान चार वेळा मिळाला आहे, वॉलेस आणि मुटोम्बोइतकाच.

व्हिक्टर वेम्बान्यामाचा पहिला हंगाम मी विशेष लक्ष देऊन पाहिला. हात पसरले की आठ फूट, पण अंग कोवळे. सॅन अँटोनियोने सुरुवातीला झॅक कॉलिन्सला सेंटरला ठेवून वेम्बान्यामाला त्याच्या बाजूला खेळवले. डिसेंबर २०२३ मध्ये त्याला सेंटरला आणले आणि मग बचावाचे चित्र पालटले. जड सेंटर त्याला अधूनमधून रेटत, तसे गुणही होत. पण रिंगभोवतीच्या सगळ्या परिसरात त्याची जी भीती पसरली, तिच्यापुढे ते नुकसान किरकोळ होते. त्या हंगामात दर सामन्याला सरासरी ३.६ ब्लॉक करून तो लीगमध्ये पहिला आला आणि बचावपटूंच्या पहिल्या संघात निवडला गेलेला पहिला नवोदित ठरला.

मात्र मोठ्या देहाची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण आपल्या मुलीला ती पुढे भेटणार आहे. २०१३ च्या ईस्टर्न कॉन्फरन्स अंतिम मालिकेचा पहिला सामना मी विसरू शकत नाही. इंडियानाचा रॉय हिबर्ट, ७ फूट २ इंच, दोन्ही हात आभाळाकडे करून सरळ उडी मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. अतिरिक्त वेळेतील शेवटच्या २.२ सेकंदांसाठी प्रशिक्षकांनी त्याला बाहेर बसवले. मायामीचा बॉश दुरून शॉट मारू शकतो, त्याच्यामागे हिबर्टला धावता येणार नाही, ही चिंता होती. लेब्रॉन जेम्स मोकळ्या रिंगकडे गेला आणि लेअपवर सामना १०३–१०२ ने संपला. मी त्या दिवशी प्रशिक्षकांवर फार संतापलो होतो. पण २०२१ मध्ये क्लिपर्सविरुद्ध यूटाने नेमके उलट केले, गोबेअरला आत ठेवले, तर क्लिपर्सने पाचही माणसे बाहेर पसरवली. गोबेअर आत मदतीला गेला की कोपऱ्यातील टेरन्स मॅन मोकळा, आणि मॅनने त्या सहाव्या सामन्यात ३९ गुण करून २५ गुणांची पिछाडी भरून काढण्यात मोठा वाटा उचलला. तेव्हापासून मी हिबर्टच्या प्रशिक्षकांना मनातल्या मनात बरेच माफ केले आहे.

म्हणून ताई, माझी विनंती एवढीच, की वजनाच्या नादात तिच्या पायांची चपळाई जाऊ देऊ नका.

जुना पाच नंबर

प्रेक्षक साहेब, एनबीएपुरते आपले म्हणणे मान्य. पण तालुक्याच्या मैदानावर सोळा वर्षांच्या किती मुली बाहेरून तीन गुणांचे शॉट सातत्याने टाकतात? तिथे आजही चेंडू आत भक्कम मुलीकडे दिला जातो, आणि शिट्टी साहेबांनी सांगितल्याप्रमाणे पेंटमध्ये उभे राहायला बंदी नाही. रेटारेटी तिथे संपलेली नाही.

शिवाय शॉट अडवून बचाव संपत नाही. चुकलेला शॉट आपल्या हातात आला तरच संपतो. इथे ताकदीला पर्याय नाही. वेस अनसेल्ड केवळ ६ फूट ७ इंचांचा सेंटर होता, पण सुमारे १११ किलोंचा, आणि १९६९ मध्ये पदार्पणाच्याच हंगामात सर्वोत्तम खेळाडू ठरला. अलीकडचा स्टीव्हन अ‍ॅडम्स ओक्लाहोमात असताना पाहा. शॉट सुटताच तो आपल्या माणसाला पाठीवर घेऊन रिंगपासून दूर ढकलत नेई आणि चेंडू बहुधा त्याचा सहकारी वेस्टब्रूक उचलायचा. रिबाउंड वेस्टब्रूकच्या नावावर लागे. जागा अ‍ॅडम्सच्या कमरेने केलेली असे. आपल्या मुलीला सांगा, ब्लॉकसाठी उडी मारून खाली आल्यावर तिची दुसरी जबाबदारी सुरू होते. उडी मारणाऱ्या उंच मुली नेमक्या तिथेच समोरचीला आत सोडतात. बिल रसेलचे मोठेपण मला त्यातच वाटते. ६ फूट १० इंच, शंभर किलोंहूनही कमी, समोर १२५ किलोंचा चेंबरलेन. पण तो चेंडू प्रेक्षकांत भिरकावत नसे, आपल्याच माणसाकडे जाईल असा थोपटत असे. १३ हंगामांत ११ विजेतेपदे त्याच्या संघाने मिळवली.

गुडघा-घोटा

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि शालेय-महाविद्यालयीन खेळाडूंसोबत काम करते. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर कोणी थेट दिलेले नाही, म्हणून देते: वजन हे उद्दिष्ट ठेवू नका, ताकद ठेवा. ताकद वाढताना वजन आपोआप थोडे वाढेल आणि ते योग्य जागी वाढेल. केवळ खाऊन वाढवलेले सहा-सात किलो प्रत्येक उडीच्या वेळी तिच्या गुडघ्यांवर पडतील, आणि उडीच्या खेळांत गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक आढळते, हे विसरून चालणार नाही. मोठ्या देहाची किंमत किती असू शकते हे याओ मिंगने आपल्याला दाखवले आहे. ७ फूट ६ इंच, १४० किलोंच्या आसपास. पायाच्या हाडांना पुन्हापुन्हा तडे जात राहिले आणि २०११ मध्ये, वयाच्या तिशीत, त्याला निवृत्त व्हावे लागले.

आठवड्यातून दोन दिवस पुरेत. बैठका, आधी भाराशिवाय आणि मग दप्तरात वाळूची पिशवी ठेवून. एका पायावरच्या बैठका. कंबर मागे नेऊन वाकण्याचा व्यायाम. आणि भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखे बसून राहणे. शेवटचा व्यायाम साधा वाटतो, पण पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळच्या रेटारेटीत, मांड्यांना जे करायचे असते ते बरेचसे हेच असते: हालचाल न करता भार सोसणे. वीस सेकंदांपासून सुरू करा. दर सत्रात दहा-बारा उड्या केवळ उतरण्यासाठी घ्या, दोन्ही पायांवर, गुडघे आत न वळवता, आवाज न करता. आहारात डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध यांपैकी घरात जे चालते ते रोज आणि पुरेसे हवे. पाळी अनियमित झाली, सतत थकवा वाटू लागला, तर व्यायाम वाढवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. हे शेवटचे वाक्य वडिलांना सांगायला संकोच वाटत असेल तर आईला सांगा, पण नक्की सांगा.

मैदानाकाठी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. वजनाबद्दल घरच्यांशी बोलले. आईने सगळे नीट ऐकून घेतले आणि वडिलांनी व्यायामासाठी वाळूची पिशवी स्वतः शिवून दिली.

सरावात मी एक गोष्ट सुरू केली. पेंटच्या रेषेवर दोन मुली, बाजूला एक मुलगी चेंडू घेऊन. पाच सेकंद पास द्यायचा नाही, दोघींनी फक्त जागेसाठी झटायचे, आणि पास पोचेल त्या क्षणी आक्रमक मुलीचा पाय जिथे असेल तिथे मी खडूने खूण करते. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्या खुणा पेंटच्या आत होत्या. आता निम्म्याहून अधिक बाहेर पडतात, आणि बाहेर चेंडू मिळालेली मुलगी रेटत आत येईपर्यंत दुसरी मदतीला पोचू शकते. "हात वर" ऐवजी मी "खाली" असे ओरडते.

एक नवी अडचण आली आहे. करुसोप्रमाणे पुढे उभे राहायला ती शिकली, पण डोक्यावरून उंच पास आला की ती मागे वळून चेंडू शोधत राहते आणि तोवर बास्केट झालेले असते. त्या वेळी तिने काय करावे?

जुना पाच नंबर

तिने चेंडू शोधू नये. पास डोक्यावरून जाताच तो दुसऱ्या बाजूला मदतीसाठी असलेल्या आपल्या मुलीचा झाला. ती पास सुटण्याआधीच रिंगच्या पुढे येऊन उभी असली पाहिजे. आपल्या सेंटरने त्या क्षणी वळून मागून आलेल्या मुलीने सोडलेला माणूस पकडायचा, आणि तो कोणता हे मागचीने ओरडून सांगायचे. पुढच्या सरावात खडूची दुसरी खूण त्या मदतीच्या मुलीसाठी करा: पास हातातून सुटला तेव्हा तिचे पाय कुठे होते.